गोदाकाकीचा गडगा

गोदाकाकीला कुणाची विचारपूस करायची असली की ती आधी भांडण काढायची. तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून "कामं चुकवायला बरं सोंग सुचलं रे तुला," असं म्हणायची आणि पदराखालून आणलेली ऊन पेज पुढे सरकवायची. मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो त्या दिवशी ती आमच्या अंगणात आली, मला खालून वर न्याहाळलं आणि "आता त्या पोरांचं कसं व्हायचं," एवढा आशीर्वाद देऊन गेली. तिची शंका पुढे बरीचशी खरी ठरली, पण ते असो.

जयगडच्या खाडीवर आमच्या वाडीत तिचं आणि आमचं नारळी-पोफळीचं आगर लागून होतं. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा. त्याचं खालचं टोक पावसाने ढासळलेलं, तिथे हद्द म्हणून दहा-बारा दगडांची नुसती ओळ उरली होती.

मग ती मोठी मंदी आली. विलायतेत बाजार बसला, अमेरिकेत बाजार बसला आणि त्यांच्यामागोमाग आमचा दत्तूदादाही येऊन ओटीवर बसला. तो मुंबईच्या गोदीत मालाची नोंद ठेवणारा कारकून. बोटी येईनात, तशी माणसं कमी झाली. आगबोटीतून ट्रंक घेऊन उतरला तो मुकाच. दाढी वाढली, ताट तसंच परत जाऊ लागलं. एकदा "मी असलो काय, नसलो काय," एवढं म्हणाला, तेव्हापासून वहिनी त्याला एकटं सोडून विहिरीवरसुद्धा जाईना.

मी पडलो शिकलेला माणूस. घरात सर्वांनी हळू बोलायचं, दादाला काडीचंही काम सांगायचं नाही, असा हुकूम मी काढला. शिवाय रोज संध्याकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. जर्मनीत गिरण्या बंद, अमेरिकेत माणसं रस्त्यावर. आपण एकटे नाही हे कळलं की त्याला धीर येईल, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी गोदाकाकीचा आवाज आगरातून आला. "दत्तू, बाहेर ये. हितपर्यंत माजं हाय. तुज्या आज्यानं ढापलेलं."

हद्दीचे दगड हातभर आमच्या बाजूला सरकले होते. काकी शेजारी पाय पसरून बसलेली. दादा उठला. महिन्याभरात पहिल्यांदा ओटीच्या पायऱ्या उतरला आणि आजोबांच्या अब्रूसाठी तासभर भांडला. मग एकेक दगड उचलून जागेवर लावला. हात लाल मातीने माखलेले. दुपारी त्याने दुसऱ्यांदा भात मागितला.

दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा आत. पुन्हा भांडण, पुन्हा भात. असं पंधरा दिवस चाललं.

माझं डोकं मात्र तापलं. आजारी माणसाला छळणारी ही कसली शेजारीण? मी गावातली चार मोठी माणसं जमवली, वळणदार अक्षरात तहनामा लिहिला आणि त्यावर काकीचा अंगठा घेतला.  ती न भांडता गेली यातच मला समजायला हवं होतं, पण मी अक्षराच्या कौतुकात होतो.

दगड जागच्या जागी राहिले. दादाही. आठव्या दिवशी ताट परत आलं आणि वहिनी चुलीपुढे बसून रडली.

मी काकीकडे गेलो. ती नारळ सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मास्तर, शाळेत पन असंच करता काय?" मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "मानमोडीच्या साथीच्या साली माजी दोन्ही पोरं गेली. आमचं मानूस असंच ओटीवर बसलं. लोक म्हनले, बसू दे, आराम पडंल. मी बसू दिलं. पानीसुदा हातात दिलं. ते उठलंच नाय."

कोयता पुन्हा चालू झाला. "ह्यो सोतासाठी उठंना. म्हटलं, आज्याच्या दगडासाठी तरी उठंल. आता मी अंगठा दिलाय. हात लावला तर गाव मला चोर म्हनंल. आता तुमीच सरकवा."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच मी धोतर खोचून गेलो. दगड काकीनेच हलवले असं दिसावं म्हणून मुद्दाम तिच्या बाजूला उभा राहिलो आणि एकेक दगड ओढत आणला. ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. मी उभा काकीच्या हद्दीत, त्यामुळे दगडही तिच्याच हद्दीत आले. एक माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. आमचं आगर हातभर वाढलं.

उजाडल्यावर काकीने ते पाहिलं. या खेपेला तिचं भांडण अगदी अस्सल होतं. माझ्या शिक्षणापासून बारशापर्यंत सगळ्याचा उद्धार झाला. त्या आवाजाने दादा बाहेर आला. त्याने दगडांकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, एका पायावर नाचणाऱ्या माझ्याकडे पाहिलं आणि हसू लागला. हसता हसता खांब धरून खाली बसला. वहिनी धावत आली आणि त्याला हसताना बघून दारातच थांबली. मग दादाने आणि काकीने मिळून दगड परत लावले, मला शिव्या देत. माझा तहनामा त्या दिवशीच मोडला, आणि रोजचं भांडण पूर्ववत सुरू झालं. पुढे दादाने मुंबईचं नाव काढलं नाही. आगर केलं आणि चांगलं केलं.

पाच-सहा वर्षांनी काकी गेली. खाडीकाठी तिला पोचवून परत येताना मला राहवलं नाही. दादाला म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय. काकीला आपली जमीन नको होती."

दादा चालता चालता म्हणाला, "ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं. जमीन चोरणारं माणूस आपली वाट बघत उन्हात बसून राहतं काय?"

"मग रोज भांडायला का जात होतास?"

"अरे, साठीची बाई. एवढाले दगड एकटीने उचलायची. मी आत पडून राहिलो असतो तर तिला किती वाईट वाटलं असतं."