अनवाणी आलेली रिलीव्हर

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला देवीचाच राग आला होता. नवरात्र सुरू होतं आणि आजारी माणसांच्या घरी सिस्टर पाठवणाऱ्या आमच्या ऑफिसची निम्मी माणसं सप्तशृंगी गडावर गेली होती. सगळ्यांच्या ड्युट्या मी लावते. पण सिस्टर आपसात परस्पर बदल करतात आणि मला कळवायचं विसरतात. त्या दिवशी ड्युटीवरची आणि तिच्या जागी बसणारी रिलीव्हर, दोघींनी एकमेकींवर भरवसा ठेवला आणि दोघीही गडावर पोचल्या. इकडे म्हसरूळच्या एक आजी अंथरुणाला खिळलेल्या, नळीवाटे जेवणाऱ्या. दुपारी त्यांच्या लेकीचं स्वतःचं ऑपरेशन होतं, गाठ काढायची होती. तारीख आधीच एकदा हुकली होती, तरी आईजवळ कुणी आल्याशिवाय ती घर सोडायला तयार नव्हती.

मी फोन करकरून थकले. शेवटी मनातल्या मनात देवीला म्हटलं, एवढी माणसं बोलावलीस, एक तरी परत पाठव. प्रार्थना कसली, भांडणच होतं ते.

आमचं ऑफिस दिंडोरी रोडला, गडावर चालत जाणारे पाण्यासाठी थांबतातच. तशीच एक बाई दारात आली. इगतपुरीकडची, अनवाणी. पाणी पिता पिता तिने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं. मुंबईत बरीच वर्षं तिने असेच पेशंट सांभाळले होते म्हणे. "मी बसते आजीपाशी," ती म्हणाली. तुमच्या सोबत चालणारी माणसं पुढे निघून जातील, असं मी सांगून पाहिलं.

"देवी काय कुटं जात नाय. आजीला कोन हाय?"

अनोळखी बाईला पेशंटकडे धाडणं आमच्या नियमात बसत नाही. म्हणून तिचं आधार कार्ड पाहून मीही सोबत गेले आणि लॅपटॉप आजींच्या खोलीतच मांडला. तिने हात धुतले, गार लागू नयेत म्हणून तळवे चोळून ऊब आणली आणि मगच आजींना कुशीवर वळवलं. एरवी कुणी हात लावला की कण्हणाऱ्या आजी गप्प राहिल्या. ते पाहून लेक निघाली. मी पुष्कळ सिस्टर पाहिल्या आहेत, पण इतका मायेचा हात पाहिला नव्हता. कामाच्या नावाखाली मी दिवसभर तिच्याकडेच बघत होते. देवीने माझं ऐकलं की त्या बाईला नुसती तहान लागली होती, याचा खल मी करत नाही. आपल्याने होईल ते करावं आणि बाकीचं देवीवर सोडावं, एवढं मला त्या खोलीत कळलं.

संध्याकाळी ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला. गडावरून ड्युटीवरची सिस्टरही परतली. निघताना त्या बाईने पिशवीतून देवीच्या ओटीचा खण आणि नारळ काढला, आजींच्या पोटावरच्या चादरीवर ठेवला आणि नमस्कार केला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि विधवेची ओटी आमच्याकडे कुणी भरत नाही. आजींना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात नारळावर ठेवला आणि तो काही केल्या काढेनात. मला रडू आवरलं नाही.

आता गडावर काय वाहणार, असं मी तिला जिन्यात विचारलं.

"वाहिलं की," ती म्हणाली.

मी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती संकोचून मागे सरली, पण मी हात लावलाच.