झाकणाखालचा दोरा
इंजिन गार ठेवणाऱ्या कुलंटचा गरम, गोडसर वास आला की मला मैंदर्गीचे ते काका आठवतात. दसरा होऊन आठवडा झाला होता आणि त्यांची जुनी गाडी भवानी पेठेतल्या माझ्या गॅरेजसमोर वाफा सोडत थांबली. “दोन मिस्त्री म्हणले, हेड खोलायलाच पायजे. पर उद्या बायकोला डायलिसिसला आणायचं हाय,” ते म्हणाले. इंजिनच्या वरचं हे हेड खोललं की गाडी चार दिवस अडकणार, आणि मला खोलायची घाई कधीच नसते. इंजिन थंड होईपर्यंत चहा घेतला, मग बॉनेट उघडलं. पाइप कोरडे होते, खाली थेंब नव्हता, ऑइलमध्ये पाणी उतरलं नव्हतं. म्हणजे हेड शाबूत. मात्र बॉनेटच्या आतल्या बाजूला, रेडिएटरच्या झाकणाच्या बरोबर वर, हिरवे शिंतोडे वाळले होते. झाकण फिरवलं तर त्याच्या रबराखाली पूजेचा लाल दोरा दबलेला. “दसऱ्याला मीच बांधलाय की. इंजनाचं तोंड हाय ते,” काका म्हणाले. त्या दोऱ्यामुळे झाकण घट्ट बसत नव्हतं आणि तापलेलं कुलंट तिथूनच उडून जात होतं. मी कात्री उचलली तसा त्यांचा चेहरा उतरला. मग मी कात्री ठेवली, गाठ नखांनी सोडवली आणि दोरा आतल्या आरशाला बांधला. कुलंट भरलं, पाइपांत अडकलेली हवा काढली, गाडी अर्धा तास चालू ठेवली. तापमानाचा काटा मधेच राहिला. दुसऱ्या दिवशी काका बायकोला घेऊन दारावरून गेले, हॉर्न वाजवत. आता तापलेली गाडी आली की बॉनेटला हात लावण्याआधी मी विचारतो, “पूजा कधी केली?”