चौपट पावडर

नंदनवनला टिनाच्या शेडमध्ये मी ॲक्रिलिकच्या शीट ओतायचो. दोन काचांच्या मध्ये कडेने रबराची नळी बसवून साचा करायचा, त्यात पातळ रसायन आणि चिमूटभर पेरॉक्साइडची पावडर घालून तो कोमट पाण्याच्या हौदात उभा ठेवायचा. शीट घट्ट व्हायला दोन दिवस लागत. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एकाने मला पहिल्यांदाच मोठी ऑर्डर दिली होती. अक्षय तृतीयेच्या आत माल हवा, नाहीतर मुंबईचा मागवतो, असे त्याने बजावले होते. मी घासाघीस करून भाव चढवून घेतला आणि मगच दिवस मोजले. हवे होते त्याच्या निम्मेच हातात होते.

सक्करदऱ्याला माझ्या जुन्या ओळखीचे, रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांच्याकडे गेलो.

"सर, पावडर दुप्पट टाकली तं काम दुप्पट जोरात होईन ना?"

"नाही. वेग दुप्पट हवा तर पावडर चौपट."

"काहून?"

"पावडरीचा कण फुटला की एक साखळी सुरू होते. रसायनाचे रेणू तिच्या टोकाला जुळत जातात. पण दोन वाढती टोकं भेटली की दोन्ही साखळ्या तिथंच संपतात. टोकांची गर्दी वाढली की भेटीही वाढतात."

"म्हणजे चाराचा माल घ्याचा अन् दोनाचं काम कराचं. तुमचं रसायन तं इतवारीच्या व्यापाऱ्याच्या वर हाय."

ते हसले. "बसा, चहा होतोय. अजून एक गोष्ट ऐका."

मी बसलो नाही. मला भाव कळला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे साचे चौपट पावडरीने भरले. दुपारपर्यंत रसायन मधासारखे दाट झाले, आणि मग एकाएकी इतके तापले की साच्यातच उकळले. काचा काढल्या तर प्रत्येक शीट बुडबुड्यांनी भरलेली.

मी तसाच भांडायला गेलो. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "दाट झाल्यावर टोकांना एकमेकांपर्यंत पोचता येत नाही. साखळ्या संपत नाहीत, नुसत्या वाढतात, आणि रेणू जुळताना निघणारी उष्णता आत कोंडते. तेच सांगणार होतो काल."

"मंग हात धरून बसवाचं होतं मले."

पाट्यावाल्याने मुंबईचा माल मागवला. पुढे त्याने माझ्याकडून एक फूटही शीट घेतली नाही, आणि मी प्राध्यापकांच्या घरची पायरी चढलो नाही. घाई माझी होती, हे मला तेव्हाच कळले होते. पण त्यांना माझा स्वभाव माहीत होता. त्यांनी दारात आडवे उभे राहायला हवे होते, असे मला आजही वाटते.