जळालेली कड

पॉलिशच्या मशीनला हात लावण्याआधी तो पंजा उलटा करून गाडीच्या पत्र्यावर टेकवायचा. तळहात राठ झाला होता, त्याला गरम-थंड कळत नसे. पत्रा गरम लागला की मशीन पिशवीतच राहायची. "हात थांबला का रंग गेला, शेठ. अन् पत्रा तापला असन तं थांबायचीबी गरज नाही."

जुन्या गाड्यांच्या बाजारातले पॉलिशवाले तुम्ही पाहिले असतील. बटण दाबायचं, पॉलिशचं पांढरं कंपाऊंड चौफेर उडवायचं, तासाभरात गाडी आरशासारखी. हा तसला नव्हता. अमडापूरहून एस.टी.नं चिखलीला माझ्या यार्डात यायचा. आल्या आल्या गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला टांगायचा, कारण मशीनच्या फिरत्या पॅडमध्ये कपडा अडकला तर माणूसही ओढला जातो. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची. मग दारांच्या आणि बोनेटच्या कडांना कागदी टेप. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, हे मला त्यानंच शिकवलं. पॅड पत्र्यावर टेकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हातभर तुकडा झाला की पुसायचं, वाकून बघायचं, मग पुढचा तुकडा.

मला संताप यायचा. हमालीतून वर आलेला माणूस मी, सौदा तापलेला असतानाच उरकायची सवय.

"काऊन बे, गाडीले पॉलिश करून राह्यला का नवरदेवाले हळद लावून राह्यला?"

"हळद धुता येते जी. रंग गेला का पेंटरच लागते."

मजुरीवरून मी घासाघीस करायचो, आवाज चढवायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "बोला, बोला. तोवर पत्रा थंडा होते."

साखरखेर्ड्याचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडून निळी गाडी घेणार होते. आयुष्यातली पहिली. येणार होते संध्याकाळी, पण भर दुपारी त्यांचा फोन आला, चिखलीत पोचलोच म्हणून. बोनेटवर ओरखडे तसेच होते आणि गाडी सकाळपासून उन्हात. त्यानं पंजा टेकवला नि मान हलवली.

"सावलीत घ्या, शेठ. तासभर थांबा."

"गुरुजी दारात येऊन राह्यले अन् तू मले थांबाले सांगतं? तुह्यासारखे छप्पन पाह्यले!"

मी मशीन हिसकावली. टेप लावली नाही, पत्रा ओला केला नाही. तो मागून ओरडत होता, "हालती ठेवा! कडेले नका नेऊ, शेठ!" बरं चाललं होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एक हात मी खिशात घातला, आणि दुसऱ्या हातातली मशीन बोनेटच्या कडेवर एकाच जागी फिरत राहिली. जळका वास आला. त्यानं झडप घालून मशीन काढून घेतली, तोवर निळ्या रंगातून राखाडी अस्तर वर आलं होतं, सुपारीएवढं.

आणि फाटकातून गुरुजी आत आले.

"हे काय झालं?" त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं.

बोलण्यात मी कधी कुणाला हार गेलेलो नाही. त्या वेळी मात्र मी त्याच्याकडे पाहिलं. मशीन त्याच्या हातात होती.

"माझा हात थांबला, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजी माझ्याकडे वळले. "माणूस बदला, शेठ. असा नको."

मी मान डोलावली. नुसती मान. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी आजही स्वतःला सांगतो.

कड रंगवून दिली, गुरुजींनी गाडी नेली. माणूस भला, पण बोलका. पंधरा दिवसांत चिखलीतल्या प्रत्येक यार्डात कळलं की अमडापूरच्या पॉलिशवाल्यानं रंग जाळला. मग तो माझ्याकडे आला. पिशवी खाली न ठेवता उभ्यानंच बोलला.

"तुमचा सौदा तुटू नये म्हून बोललो होतो, शेठ. आता कोणी गाडीले हात लावू देत नाही. एकडाव सांगून द्या ना, मशीन कोनाच्या हातात होती ते."

माझं डोकं सटकलं. "तुले कोनं सांगतलं होतं आपल्या अंगावर घ्यायले?"

हा माझा प्रश्न आजही आहे. कोणी सांगितलं होतं? न मागता माणसाच्या डोक्यावर उपकार ठेवायचा आणि मग त्यानं तो वाहावा म्हणायचं, हा कुठला न्याय? भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी तयार असतो. तो फक्त "बरं जी" म्हणाला आणि स्टँडकडे चालू लागला.

पुन्हा आला नाही. जालन्याकडे गेला म्हणतात, कुठल्याशा गोदामात पोती उचलतो म्हणतात. फोन बंद लागतो. मी लावून पाहिला आहे, एकदाच नाही.

गेल्या महिन्यात यार्डात चार व्यापारी बसले होते. नवा पॉलिशवाला काम करता करता म्हणाला, "तो रंग जाळणारा अमडापूरवाला इथंच होता ना?"

"त्यानं नाही जाळला," मी म्हणालो. "मशीन माझ्या हातात होती."

चौघंही माझ्याकडे वळले. मग एकजण हसला, मग सगळेच हसले.

"शेठ अन् मशीन? जिंदगीत धरली का तुम्ही?"

"खरं सांगून राह्यलो, बे!" मी ओरडलो. शिव्याही दिल्या.

त्यांच्यातला सगळ्यात वयस्क व्यापारी उठला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, "पाहा. तो सोडून गेला, तरी शेठ त्याचं नाव खराब होऊ देत नाहीत. असं कराले मोठं मन लागते."

आणि कोणीतरी उठून स्वतःची खुर्ची माझ्यासाठी सरकवली.