मी पसंत केलेली मुलगी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण अशी फजिती मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही!

त्र्याण्णव साल असेल. मी बदनापूरला इंग्रजीचा मास्तर. दोन मुलींनी मला नकार दिलेला. तिसरी बघायला मामांसोबत तीर्थपुरीला गेल्तो. मामांनी एसटीतच बजावलं, "हे स्थळ मोडलं तर मी पुन्हा कुठं येणार न्हाई!"

पोचलो, तर मुलीचे वडील मामांना मोसंबीची बाग दाखवायला घेऊन गेले. ओसरीवर मी आणि मुलीचा भाऊ. समोर अंगणात पंजाबी ड्रेसमधली एक पोरगी विहिरीवरचं डिझेल इंजिन खोलून बसलेली. हात कोपरापर्यंत काळे. असेल कुणी शेजारची, मला काय!

तीच बोलली. "सर, तुमाला बायको कशी पायजे?"

मास्तराला असं विचारू नये हो! मी सुरूच झालो. "मी स्टिरिओटाइप मानत नाही."

"म्हंजे काय?"

"म्हणजे माणूस बघायच्या आधीच त्याला ठरलेल्या साच्यात टाकायचं. मास्तर म्हटला की विसरभोळा. लग्नाची मुलगी म्हटली की मान खाली घालून चहा आणणारी."

"आन् तुमी तसं करत न्हाई?"

"बिलकुल न्हाई!"

तेवढ्यात आतून कोण आलं? डोक्यावर पदर, खाली मान, हातात ट्रे! मामांची धमकी आठवली. उगाच उशीर नको म्हणून उभं राहून भावाला ठणकावून सांगितलं, "मला मुलगी पसंत आहे!"

ट्रेमधल्या कपबशा खडखडायला लागल्या. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. माझं चुकलं काय? घाईघाईनं म्हणालो, "हुंडा नको!"

"ते बराबर हाये, सर," भाऊ म्हणाला, "पर ही माझी बायको हाये. दोन लेकरं हायेत आमाला."

"मंग मुलगी कुठंय?"

"मघापासून तुमच्याशीच बोलून राह्यली की!"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शप्पथ सांगतो, तरीही मला उमगेना!

शेवटी फडक्याला हात पुसत इंजिनवाली उठली. "सर, साचा गावला का?"

मेलो! मामा बागेतून परतले तेव्हा घरभर हसू चाललेलं. त्यांना वाटलं, जमलं. आणि जमलंच हो! ती वडिलांना म्हणाली, "मला चालंल. शिकवलं तर शिकंल."

आता घरी पाहुणे आले की ती ऐसपैस गप्पा मारत बसते. चहा मी नेतो. आणि खरं सांगू? ट्रे हातात आला की मान आपोआप खाली जाते!