सौरपॅनेलचे दात

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलं. प्रश्न सगळे त्यानंच विचारले. आंबेगावच्या डोंगरातल्या एका वाडीला वीज कशापासून द्यावी, हे ठरवायला मी गेलो होतो. बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखावा तसा हा म्हातारा माझ्या सौरपॅनेलभोवती फिरला, दात बघायला वाकला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "खातंय काय?"

"ऊन."

"पावसाळाभर हितं धुकं. उपाशी मरंल. दुसरं?"

"पवनचक्की. वाऱ्यावर चालते."

"आन् बंद पडली तर शिव्या कुनाला घालायच्या? वाऱ्याला?"

"शेणाच्या गॅसवरही वीज होते," मी दमून म्हणालो.

"मग हेच आना, राव. बंद पडलं तर म्हशीला तरी बोलता यील."

अहवालात मी बायोगॅसचीच शिफारस केली. कारण लिहिलं: 'तक्रार निवारणाची स्थानिक सोय.'