होटगीच्या माळावरची हाळी

भुतंखेतं, साक्षात्कार असलं काही ऐकलं की मी आधी हसतो. रीव्हर्ब आणि फीडबॅकमधून काय काय ‘आवाज’ निघतात, हे वीस वर्षं गिटार वाजवून ठाऊक झालंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… तरी लिहितो.

सोलापुरात मी गिटार शिकवतो. वेड मात्र कंट्रीचं, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गिटारचं. मागच्या वर्षी नुसत्या गिटारचा, एकही शब्द नसलेला अल्बम करायला घेतला — बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवायची कंट्रीची स्लाइड, कुठे कव्वालीचा ठेका, कुठे धनगरी ढोल. त्या ढोलासाठी होटगीजवळ बिराप्पाकडे गेलो. पन्नाशीचा मेंढपाळ, ढोलात उस्ताद. आमची पहिलीच भेट, आणि सर्दीनं त्याचा घसा पार बसलेला.

“घशाचं काय काम हाय? हात चालत्यात की,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दुपारचे चार. रुळांलगतच्या माळावर तो ढोल आवळत होता. त्याला चाल कळावी म्हणून मी फोनवरून स्पीकरवर ट्रॅक लावणार, तेवढ्यात इंजिनाचा भोंगा! पाहतो तर त्याची साठेक मेंढरं रुळांवर. त्याचं अख्खं घर त्या मेंढरांवर चालायचं. बिराप्पा धावला, हाळी द्यायला तोंड उघडलं… आवाजच फुटेना. तो वेळेत पोचणार नव्हता, हे मला दिसत होतं. मीही धावायला उठलो, आणि त्या गडबडीत फोनवर बोट पडलं.

ट्रॅक सुरू झाला. स्लाइडचे लांब ओढलेले सूर —

पुढची मेंढी थबकली, वळली. तिच्यामागे सगळा कळप धडधडत माझ्याकडे आला. मागून मालगाडी निघून गेली. एकाही मेंढराला खरचटलं नाही.

बिराप्पा धापा टाकत स्पीकरसमोर येऊन बसला. “माझ्या आबाची हाळी हाय ही. तुमी कुटनं घेतली?”

आबा म्हणजे त्याचे वडील; ते जाऊन बारा वर्षं झालेली. यातलं एकही मेंढरू तेव्हा जन्मलं नव्हतं. आणि ते सूर मी माझ्या खोलीत, बोटातली स्लाइड घसरून, चुकून वाजवले होते. कानाला बरे वाटले म्हणून ठेवले, इतकंच.

मी ट्रॅक बंद करायला गेलो. त्यानं माझा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या की. मेंढरं आली की आबा मला हाक मारायचा. आधी खाली, मग दोनदा वर.”

पुढे काय वाजवलंय, ते तोवर माझ्याशिवाय कुणीही ऐकलं नव्हतं.

सूर खाली आले. मग वर गेले… पुन्हा वर.

“आलो, आबा,” बिराप्पा म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

अल्बम आलाय. त्या ट्रॅकवर ढोल नाही. त्यानं वाजवला नाही, मीही आग्रह केला नाही. त्या माणसाची हाक माझ्या बोटांत कुठून आली, हे मला आजही कळलेलं नाही.